बाप्तिस्म्याचे दोन दाखले

पोप काही अपोलोनियाबाई गालित्सांच्या घरी येणार नव्हता. शुक्रवारी तो हेलिकॉप्टरने नोवी तार्गच्या विमानतळाच्या मैदानावर उतरणार, तिथे मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, करणार आणि तसाच क्राकोवला परत जाणार, हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. तरी अपोलोनियाबाईंनी आठवडाभर सगळ्या घराला कामाला जुंपलं होतं. घराच्या ओंडक्यांच्या भिंती साबणाच्या पाण्याने आणि तारेच्या ब्रशने घासून पिवळ्याधमक करायच्या, हे काम डोंगराकडे ईस्टरला निघतं, नाहीतर घरात लग्न असलं तर. यंदा ईस्टरला झालेलं काम जूनमध्ये पुन्हा निघालं. कोणी कुरकुर केलीच, तर बाईंचं उत्तर तयार होतं. हेलिकॉप्टरला खिडक्या असतात, असं त्या म्हणत.

गुरुवारी दुपारी मागची एक भिंत उरली होती आणि ती तेओफिलाच्या वाट्याला आली. तेओफिला या घरची सून. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तरी सासूच्या लेखी ती अजून सपाटीवरची, म्हणजे तार्नुवकडचीच होती. तिच्या एका बाजूला नणंद लुद्विना घासत होती आणि दुसऱ्या बाजूला सख्खी थोरली बहीण होनोराता, जी उद्याच्या मिस्सासाठी कालच बसने आली होती. दोघींमध्ये पाण्याची बादली एकच होती, आणि ती कोणाच्या बाजूला सरकवायची यावरून सकाळपासून गोडीगुलाबीचं युद्ध चाललं होतं. तेओफिलाचं तिकडे लक्ष नव्हतं. पाच वाजता चर्चमधून फादर क्लेमेन्स येणार होते, आणि ते काय घेऊन येणार, याचाच ती विचार करत होती.

गोष्ट अशी होती. तिचा नवरा विंत्सेंती बुटांच्या कारखान्यात विभागप्रमुख होता आणि तिथल्या कम्युनिस्ट पक्षसमितीचा सचिवही होता. किंगा जन्मली तेव्हा त्याने तिचा बाप्तिस्मा करायला साफ नकार दिला. त्या दिवसापासून अपोलोनियाबाई मुलाच्या फ्लॅटवर जेवल्या नव्हत्या. तो रविवारी आईकडे आला, की त्याच्या समोर बसून सुनेला सांगत, "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, सार गरम आहे." आणि विंत्सेंती, सगळ्या कारखान्याला धाकात ठेवणारा माणूस, बायकोकडे बघून म्हणे, "आईला सांग, मला पुरे." आठ वर्षं तेओफिला टेलिफोनच्या तारेसारखी मध्ये बसत आली होती.

आता किंगा आठ वर्षांची झाली होती. पोप येणार हे कळल्यापासून आजी आणि नातीने संगनमत केलं होतं. शनिवारी शनिवारी लोकर विणायला शिकण्याच्या नावाखाली पोरीने अख्खी धर्मशिकवण पाठ केली होती. उद्या पोपच्या मिस्साला तिला पहिलं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची पहिली भाकर, मिळावं, असा बाईंचा हट्ट होता. फादर तयार झाले, पण त्यांची एक अट होती. मुलीचा बाप्तिस्मा झाल्याचा दाखला हवा. बाई म्हणाल्या, तो येईल. कुठून येईल ते बोलल्या नाहीत.

तेओफिलाही काही बोलली नाही. कारण दाखला कुठून येईल हे तिला ठाऊक होतं. तीन महिन्यांच्या किंगाला घेऊन ती ईस्टरला माहेरी गेली होती आणि सोमवारी गुपचूप गावच्या फादरांकडून बाप्तिस्मा करून घेतला होता. होनोराता धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई, झाली. ईस्टरच्या सोमवारी अख्खा देश एकमेकांवर पाणी ओतत असतो, तेव्हा ओल्या डोक्याच्या पोरीबद्दल कोणी काही विचारलं नाही. नवऱ्यालाही आठ वर्षांत पत्ता लागू दिला नव्हता. या मे महिन्यात तिनेच माहेरी पत्र टाकून दाखला थेट फादर क्लेमेन्सना पाठवायला सांगितला होता. सासूबाई नुसत्या थापा मारत आहेत आणि आपण त्यांची लाज राखतोय, असं तिला मनोमन वाटत होतं. त्याचा थोडा अभिमानही होता.

विंत्सेंतीला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्यापुढे वेगळंच संकट होतं. वरून हुकूम आला होता, की शुक्रवारी सकाळी सहाला सगळ्या अधिकाऱ्यांनी कामावर हजर राहायचं आणि समितीच्या सचिवांनी गैरहजर माणसांची नावं लिहून द्यायची. उपसंचालकाची जागा रिकामी होती, ती त्याच्याकडेच येणार असं बोललं जाई. राहता फ्लॅटही कारखान्याचाच होता. घरातून कोणी मैदानावर गेलं तर फारसं बिघडणार नव्हतं, बायकांकडे वरचे लोक काणाडोळा करत. पण खुद्द सचिव लेकीचा हात धरून चालताना दिसला, तर जागाही गेली आणि फ्लॅटही गेला.

पावणेपाचला बायकांनी हात धुतले आणि सगळे स्वयंपाकघरात जमले. चुलीवर आंबवलेल्या कोबीचं सार मेंढीच्या हाडांसकट रटरटत होतं. उद्या शुक्रवार, मांस चालायचं नाही, म्हणून हाडं आजच संपवायची होती. टेबलाच्या टोकाला फ्लोरिअनकाका ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. हे बाईंचे धाकटे दीर. बावीस वर्षांनी शिकागोहून आले होते आणि त्यांच्या चौकटीच्या विजारीकडे बघायला शेजारपाजारचे अजून काहीतरी निमित्त काढून येत होते.

काकांचं बोलणं एकाच विषयावर होतं आणि तो ऐकताना कोणाला कंटाळाही येत नव्हता. शिकागोच्या कत्तलखान्यात बावीस वर्षं त्यांनी पोलिश माणसांच्या मूर्खपणाचे विनोद ऐकले होते. रोज एक नवा, आणि हसायचंही आपणच. मग गेल्या ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी बातमी आली. साडेचारशे वर्षांनी इटलीबाहेरचा पोप, आणि तो कोण, तर वोयतिवा, क्राकोवचा बिशप. दुसऱ्या दिवशी त्यांचा आयरिश मुकादम टोपी काढून आला आणि त्याने हात मिळवला. त्या दिवसानंतर कोणी विनोद सांगितला नाही, असं काका म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मेक्सिकोतून आलेले मजूर जानेवारीपासून त्यांना पोपच्या गावचा माणूस म्हणत. पोप तिकडे गेला तेव्हा विमानातून उतरल्याउतरल्या त्याने त्यांच्या जमिनीचं चुंबन घेतलं होतं, ते त्यांना विसरता येत नव्हतं.

"आणि हा माणूस आमच्या उतारावर स्कीवरून आपटायचा," अपोलोनियाबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी त्याला झोपडीत बसवून मेंढीच्या दुधाची निवळी पाजली होती."

ही गोष्ट गालित्सांच्या घरात दर सणाला निघे. खरं सांगायचं तर त्या उतारावरच्या प्रत्येक धनगराच्या घरात हीच गोष्ट सांगतात, आणि सगळ्या खऱ्या मानल्या तर त्या बिशपाने डोंगरात निवळीशिवाय दुसरं काही पोटात घातलं नसावं. पण कोणी हसलं नाही. तो माणूस या डोंगरात पायी हिंडायचा हे तर खरंच होतं. बाईंना त्याच्याबद्दल माया होती ती मात्र वेगळ्याच कारणाने. आठ वर्षांचा असताना त्याची आई गेली. मग भाऊ गेला, मग बाप. युद्धात जर्मनांच्या राज्यात तो दगडाच्या खाणीत राबला आणि चोरून पाद्रीपणाचं शिकला. किंगाला पाठ शिकवताना बाई म्हणायच्या, तुझ्याएवढा होता गं, आणि घरात वेणी घालायलासुद्धा बाई नव्हती. मुलाला कशाला वेणी, असं किंगाने विचारलं, तर तिला गप्प बसवलं जाई.

पाचाच्या ठोक्याला फादर क्लेमेन्स सायकलवरून आले. तरुण, हडकुळे, पायघोळ झग्याला कपड्यांचा चिमटा लावलेला. सार नको म्हणाले, मग घेतलं. ताटली पुसून झाल्यावर त्यांनी खिशातून दोन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"आजी, या घरात किंगा गालित्सा मला एकच ठाऊक आहे," ते म्हणाले. "जन्म नऊ जानेवारी एकाहत्तर. दाखले मात्र दोन आलेत."

तेओफिलाने कागद ओढून घेऊन वाचले. एक तिच्या माहेरचा होता, एप्रिलचा. दुसरा नदीपलीकडच्या गावचा, चौदा फेब्रुवारीचा, आणि त्यावर धर्ममाता म्हणून लुद्विनाचं नाव होतं. बाळाला हवा खाऊ घालते म्हणून सासूबाई एका दुपारी किंगाला टोपलीत घालून घेऊन गेल्या होत्या, ते तिला आठवलं. फेब्रुवारीतल्या बर्फात कसली हवा, हे तेव्हा तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. होनोराता लुद्विनाकडे बघून म्हणाली, की म्हणूनच दर वाढदिवसाला पोरीच्या गळ्यात मारियामातेचं दुसरं पदक दिसायचं. लुद्विना म्हणाली, दुसरं तुमचं, पहिलं माझं. होनोराताने तार्नुवहून आणलेल्या बुटांचा विषय काढला, लुद्विनाने लोकरीच्या शालीचा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि एका पोरीला दोन धर्ममाता त्याहून राहत नाहीत. फ्लोरिअनकाका मोठ्याने हसले आणि वहिनीने बघितल्यावर खोकू लागले.

अपोलोनियाबाई सुनेकडे वळल्या.

"मला न सांगता माझ्या नातीला माहेरी नेऊन बाप्तिस्मा देतेस?"

"तुम्ही मला सांगितलं होतंत, आई?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस."

"मलाही तेच वाटलं. तुम्ही रागाच्या भरात त्याच्या तोंडावर बोलाल आणि सगळं बाहेर येईल."

बाई थोडा वेळ सुनेकडे बघत राहिल्या. तेओफिलाने मान खाली घातली नाही. बारा वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. मग सासूबाईंनी तिच्यापुढचा थंड झालेला चहाचा पेला उचलून स्वतःच्या हाताने पुन्हा भरला.

"सपाटीवरची आहेस, पण दम आहे तुझ्यात," त्या म्हणाल्या.

तिथून पुढे सासू-सुना एका बाजूला झाल्या आणि बाकी सगळ्यांना त्यांच्यामागे जावं लागलं. फादरांनी निकाल दिला. बाप्तिस्मा माणसाला एकदाच मिळतो, दुसऱ्यांदा घातलेलं पाणी नुसतं पाणी. म्हणजे फेब्रुवारीचा खरा, एप्रिलची नोंद खोडायला ते माहेरच्या फादरांना कळवतील. धर्ममाता लुद्विना. उद्या किंगाला कम्युनियन मिळायला आता काही हरकत नाही. होनोराता रडायला लागली तेव्हा लुद्विनाच उठून तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, की उद्या पोरीला दोन्हीकडून धरू. राहिली एकच गोष्ट. विंत्सेंतीला काही कळता कामा नये, यावर सगळ्यांचं एकमत झालं. बाईंनी तर फादरांनाही शपथ घालायचा प्रयत्न केला.

"काय कळता कामा नये?" दारातून विंत्सेंतीने विचारलं.

तो केव्हा आला आणि किती वेळ उभा होता, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. कारखान्यातल्या बैठकीतून तो तसाच आला होता, कोटाला पक्षाचा बिल्ला होता. तो टेबलापाशी आला, दोन्ही कागद उचलून त्याने सावकाश वाचले आणि होते तसे खाली ठेवले. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो खुर्ची ओढून बसला, एवढंच.

फ्लोरिअनकाकांना शांतता सहन होत नसे. त्यांनी ट्रान्झिस्टर लावला. बाहेरच्या देशातलं पोलिश केंद्र खरखरत होतं, मध्येच आवाज बुडायचा, मध्येच स्पष्ट व्हायचा. बातमी आजचीच होती. पोप सकाळी आपल्या जन्मगावी, वादोवित्सेला गेला होता. गावचं लहानसं चर्च, आणि त्यात तो दगडी कुंड, जिथे एकोणिसशे वीस साली त्याचा बाप्तिस्मा झाला. पोप त्या कुंडापाशी गेला, वाकला आणि त्याने त्याचं चुंबन घेतलं, असं निवेदक सांगत होता. जगातल्या कोट्यवधी लोकांचा गुरू, आणि जिथे आईबापांनी आपल्याला नेलं त्या दगडापुढे वाकतो. अपोलोनियाबाईंनी क्रुसाची खूण केली. बघायला त्याची आई हवी होती, त्या म्हणाल्या. मग आवाज पुन्हा बुडाला.

तेओफिला नवऱ्याकडे बघत होती. त्याचा चेहरा तिने असा एकदाच पाहिला होता, ऑक्टोबरात, रोमहून त्या पहिल्या मोठ्या मिस्साचं प्रक्षेपण चालू असताना. घाबरू नका, असं तो नवा पोप जगाला म्हणाला आणि विंत्सेंती उठून बाल्कनीत गेला. थंडीत अर्धा तास उभा राहिला. नंतर विचारलं तर म्हणाला, डोकं दुखतं. गेल्या शनिवारीही तसंच. वॉर्सातला मिस्सा त्याला कारखान्याच्या क्लबात बसून टीव्हीवर बघायचा होता, कोण काय बोलतं यावर लक्ष ठेवायला. घरी येऊन म्हणाला, "लाखोंची गर्दी होती, तेओफिला, आणि पडद्यावर नुसत्या नन आणि म्हाताऱ्या. कॅमेऱ्याला कुठे बघायचं नाही, ते आमच्याच लोकांनी सांगितलेलं." त्या रात्री तो जेवला नव्हता.

विंत्सेंतीने बोटाने फेब्रुवारीचा दाखला फादरांकडे सरकवला.

"ही नोंदही खोडा," तो म्हणाला.

लुद्विनाचा चेहरा उतरला. बाई उठून उभ्याच राहिल्या. सुनेकडे बघून त्यांनी तोंड उघडलं, तुझ्या नवऱ्याला सांग म्हणून सुरुवातही केली, पण तो थांबला नाही.

"आधीचा एक आहे. नऊ जानेवारीचा. मीच दिला."

कोणाला काही समजेना. फादर मात्र पुढे वाकले. विंत्सेंती टेबलाकडे बघत सांगू लागला. क्राकोवचं इस्पितळ, संध्याकाळची वेळ. तेओफिलाचं पोट चिरलेलं आणि ती शुद्धीवर नव्हती. पोर काळीनिळी पडली होती. डॉक्टर नाही अशी मान हलवून दुसऱ्या डॉक्टरला आणायला गेला, नर्स त्याच्यामागे धावली. खोलीत बाप आणि लेक दोघंच उरले. भिंतीला नळ होता. नळाशेजारी औषधाचा पेला होता.

"पाणी डोक्यावर ओतलंत? नुसतं शिंपडलं नाही ना?" फादरांनी विचारलं. आता ते कडक झाले होते.

"ओतलं. तीन वेळा."

"आणि शब्द?"

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. लहानपणी पाठ केलं होतं, विसरलो नव्हतो."

"तुम्ही पक्षाचे. तुमचा विश्वास नव्हता. मग कोणत्या हेतूने केलंत?"

"आई तिथे असती तर तिने जे केलं असतं ते करायचं होतं," विंत्सेंती म्हणाला. "माझा दुसरा हेतू नव्हता."

"चर्चला तेवढं पुरे आहे," फादर म्हणाले. मरणाच्या दारात असलेल्या बाळाला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, देणाऱ्याचा विश्वास असो नसो. हाच खरा, बाकीचे दोन्ही रद्द. पण मग बापाचं निवेदन हवं, त्यावर सही हवी, आणि ते धर्मग्रामाच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, वहीत उतरवावं लागेल. एवढं बोलूनही फादरांनी कागद काढला नाही. हात टेबलावर तसाच ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, की वहीत काय आहे हे विचारायला सरकारची माणसं येतात. मी दाखवत नाही. माझ्यानंतर येणाऱ्याचं सांगता येत नाही. आणि हे तसंच राहू दिलं तरी फेब्रुवारीच्या दाखल्यावर मुलीला उद्या कम्युनियन मिळेल, माझ्या कानावर काही आलं नाही असं मी समजेन.

तेव्हा अपोलोनियाबाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सही नको करूस, वित्सेक," त्या थेट त्याला म्हणाल्या. आठ वर्षं त्यांनी हे लाडाचं नाव घेतलं नव्हतं. "झाकली मूठ आहे, झाकलीच राहू दे. देवाला ठाऊक आहे, मला ठाऊक झालं. मला आणखी काही नको. तुझं पद राहू दे, पोरीच्या डोक्यावरचं छप्पर राहू दे. मी हट्टी बाई आहे, माझं ऐकू नये असं लोक म्हणतात. आज ऐक."

तेओफिलाला सासूच्या म्हणण्याचा मोह पडला. फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराची खिडकी, किंगाची शाळा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. नको करूस, असं तिच्याही ओठांवर आलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

"मला पक्षाची भीती नव्हती तेव्हा, आई," विंत्सेंती म्हणाला. "पक्ष तर मला हवा होता. शाळा बांधल्या, कारखाना उभा केला, धनगराच्या पोराला विभागप्रमुख केलं, ते त्यांनीच. मला माझीच लाज वाटली. संकट आल्याबरोबर धावलो कुठे, तर नळाकडे. मग ते लपवलं. लपवायचं म्हणून तुझ्यासमोर बाप्तिस्म्याला नाही म्हणालो, आणि एकदा नाही म्हटल्यावर रोज म्हणत राहिलो. तू जेवायची बंद झालीस तरी म्हणत राहिलो. ऑक्टोबरात तो माणूस घाबरू नका म्हणाला. सगळ्या जगाला म्हणाला असेल. मला वाटलं, याला माझं नाव कोणी सांगितलं. आज तर तो कुंडापाशी वाकला. त्याला कोणी विचारतंय का, पोप होऊन दगडाला काय ओठ लावतोस म्हणून?" तो फादरांकडे वळला. "लिहा."

फादरांनी कागद काढला आणि लिहू लागले. तारीख लिहिली, इस्पितळाचा मजला लिहिला. बाप्तिस्मा देणारा विंत्सेंती गालित्सा, वडील. व्यवसाय विचारला तेव्हा तो म्हणाला, पद लिहा आणि समितीचंही लिहा, अर्धं लिहिण्यात अर्थ नाही. मग फादरांनी मुलीचं नाव म्हणून किंगा लिहायला सुरुवात केली, आणि विंत्सेंतीने त्यांचा हात धरला.

"किंगा आम्ही आठवड्याने ठरवलं, ही शुद्धीवर आल्यावर. त्या वेळी नाव नव्हतं. पण शब्दांत नाव घालावं लागतं ना. जे तोंडात आलं ते घातलं."

"काय आलं?"

"अपोलोनिया."

बाईंचा हात त्याच्या खांद्यावरच होता. तो त्यांनी काढला नाही. दुसऱ्या हाताने खुर्ची चाचपली आणि त्या बसल्या. लुद्विनाने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. सगळ्यांना वाटलं आता त्या रडतील. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"पाणी थंड होतं?"

"जानेवारीतलं नळाचं पाणी. बर्फच."

"मग रडली असेल पोर."

"आधी अजिबात रडत नव्हती, आई. श्वासच नव्हता. तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा रडली."

तेओफिला भिंतीला टेकली. डॉक्टर आले म्हणून पोर वाचली, असं तिला आठ वर्षं सांगितलं गेलं होतं. दर जानेवारीत त्या डॉक्टरांना ती शुभेच्छांचं पत्र पाठवत आली होती. आपलं मूल पहिल्यांदा रडलं तेव्हा खोलीत कोण होतं, हे तिला आज कळत होतं. तिला नवऱ्याचा राग आला, आणि त्याच वेळी एवढं प्रेम आलं की उठून त्याच्यापाशी जाता येईना.

विंत्सेंतीने सही केली. फ्लोरिअनकाकांनी साक्षीदार म्हणून खाली नाव घातलं आणि तारीख अमेरिकन पद्धतीने उलटी लिहिली, ती खोडून पुन्हा लिहावी लागली. लुद्विना आणि होनोराता एकाच रुमालाने डोळे पुसत होत्या. आता दोघींपैकी कोणीच धर्ममाता उरली नव्हती, आणि भांडायला दोघींकडे कारणही नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. या गोंधळात किंगाची कोणाला आठवणच नव्हती. वरच्या खोलीत ती उद्याचा फुलाफुलांचा घागरा आणि मण्यांची चोळी घालून बघत होती, आणि तशीच खाली आली. मोठी माणसं रडताना बघून तिला वाटलं, काहीतरी बिनसलं.

"मला उद्या कम्युनियन मिळणार नाही का?" तिने विचारलं.

"मिळेल गं," अपोलोनियाबाई म्हणाल्या. "आत्या आणि मावशी तुला नेतील."

"पहाटे चारला निघायचं," फादर कागदाची घडी घालत म्हणाले. "कारखान्याच्या फाटकावरूनच रस्ता जातो. दुसरा नाही."

त्या फाटकावर उद्या वह्या घेऊन कोण उभं असेल, हे विंत्सेंतीला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं, कारण ती माणसं त्यानेच दुपारी नेमून दिली होती. तेओफिलाने त्याच्याकडे बघितलं. बाकी कोणी बघायचं धाडस केलं नाही. तो लेकीपुढे उकिडवा बसला आणि त्याने तिचे पाय बघितले. तिने नवे पांढरे बूट घातले होते.

"हे काढ," तो म्हणाला. "जुने घाल, बरंच चालायचंय. आणि गर्दी असेल, माझा हात सोडायचा नाही."